वाळवंटातली बाग आणि घरचं पाणी (ॲरिझोनातलं फिनिक्स, टूसॉन आणि आसपास)

कोरडवाहू, चँडलर

दर वर्षी मे उजाडला की इथल्या मंडळाच्या ग्रुपवर तेच प्रश्न फिरायला लागतात. पानं करपतायत, टायमर वाढवू का? पाण्याचं बिल एकदम का चढलं? लॉन काढून काय लावू? उत्तरं चॅटमध्ये वाहून जातात, म्हणून हा धागा. ज्यांना इथल्या मातीचा अनुभव आहे त्यांनी भर घालावी.

फिनिक्सला वर्षाकाठी सरासरी सात-सव्वासात इंच पाऊस पडतो, म्हणजे जेमतेम १८० मिलिमीटर. टूसॉनला थोडा जास्त, साधारण ११ इंच. माण-खटावला आपण दुष्काळी म्हणतो, तिथे फिनिक्सच्या दुपटीहून अधिक पडतो. हा पाऊसही दोन हप्त्यांत येतो. हिवाळ्यात संथ, मातीत मुरणारा. जुलै-ऑगस्टात मॉन्सूनच्या वादळांबरोबर, तासाभरात रस्ते भरून टाकणारा. मधले एप्रिल, मे, जून कोरडे ठणठणीत. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट (४३ सेल्सियस) किंवा त्याच्या वर होता. त्या उन्हाळ्यात इथलेच मूळ रहिवासी असलेले सवारो निवडुंगही कोसळले.

घराला मिळणाऱ्या पाण्यापैकी ७० टक्क्यांपर्यंत पाणी अंगणात जातं, असं राज्याचं जलखातं सांगतं. त्यामुळे बचत करायची तर सुरुवात बागेला आपोआप पाणी सोडणाऱ्या टायमरपासून करावी. दात घासताना नळ बंद ठेवायचाच, पण मोठा आकडा बाहेर आहे.

माझं सगळं म्हणणं एका गोष्टीभोवती आहे: रोज थोडं-थोडं पाणी देणं बंद करा. नवीन घर घेतलं की टायमर बहुतेक वेळा 'रोज पंधरा मिनिटं' असाच लावलेला मिळतो. हिशेब करून पाहा. एका झाडाला सहा एमिटर (ठिबकच्या नळीवरची थेंब सोडणारी तोंडं), प्रत्येकी ताशी २ गॅलन. पंधरा मिनिटांत ३ गॅलन, आठवड्याला २१. हे पाणी वरच्या चार-सहा इंचांतच राहतं आणि त्यातलं बरंचसं उन्हाने उडून जातं. मुळंही तिथेच, वरच्यावर पसरतात, आणि जूनमध्ये वरची माती तापली की भाजतात. शिवाय इथलं पाणी जड आहे. उथळ पाण्याबरोबर आलेले क्षार खाली धुऊन जात नाहीत, मुळांपाशी साठतात. पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात त्याचं हे मोठं कारण असतं. लोकांना वाटतं झाड तहानलंय, म्हणून पंधराची वीस मिनिटं करतात.

तेच २१ गॅलन एका दमात, पावणेदोन तास चालवून दिले तर पाणी खोल जातं. पाण्याचा थेंबही जास्त लागलेला नाही. आणि एकदा मुळं खाली गेली की मधलं अंतर वाढवता येतं, बचत तिथे होते.

किती खोल? इथले माळी सोपा नियम सांगतात: छोटी फुलझाडं आणि जमिनीवर पसरणारी रोपं एक फूट, झुडपं दोन फूट, झाडं तीन फूट. मोजायला अर्धा इंच जाडीची, तीन-चार फूट लांबीची लोखंडी सळई पुरे. पाणी देऊन झाल्यावर तासाभराने ती मातीत दाबायची. ओल्या मातीत सळई लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि कोरडी माती लागली की जागच्या जागी थांबते. तिथे अंगठा धरा, बाहेर काढा, मोजा. फांद्यांच्या कडेखाली दोन-तीन ठिकाणी करा, कारण खडक लागूनही सळई अडते.

रुजलेल्या वाळवंटी झाडांना (पालो वर्दे, मेस्कीट, आयर्नवुड) उन्हाळ्यात ७ ते २१ दिवसांनी एकदा, वसंतात आणि शरदात १४ ते ३० दिवसांनी, थंडीत ३० ते ६० दिवसांनी पाणी पुरतं. रुजायला झाडाझुडपांना एक ते तीन वर्षं लागतात, तोवर जवळून लक्ष ठेवावं लागतं. पहाटे द्या. आणि एमिटर बुंध्याला चिकटून ठेवू नका. पाणी पिणारी मुळं फांद्यांच्या कडेखाली आणि त्याच्या बाहेर असतात. झाड वाढेल तसे एमिटर बाहेर सरकवायचे. लावून दहा वर्षं झाली तरी बुंध्याशी दोनच एमिटर टपकतायत, असं चित्र प्रत्येक गल्लीत दिसतं.


मोगरी, गिल्बर्ट

फार उपयोगी धागा, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न सरळ आहे. ही वाळवंटी झाडं मला आवडतात, दारात पालो वर्दे लावायचीच आहे. पण मोगरा, तुळस आणि कढीपत्ता यांच्याशिवाय घर माझ्याच्याने होत नाही. ही तहानलेली मंडळी ठेवली तर पाणी वाचवण्याच्या गोष्टी करायचा मला हक्क राहतो का? आणि आमच्या एचओएला (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेला) समोरच्या अंगणात ठराविक झुडपं हवी असतात, ती दर महिन्याला चौकोनी कापलेली. त्याचं काय करावं?


टूसॉनकर

कोरडवाहू, पूर्ण अनुमोदन. पावसाची बाजू मी मांडतो, कारण आमच्याकडे त्यावर बरंच काम झालंय.

हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे ६०० गॅलन पाणी जमतं. टूसॉनच्या सरासरीने वर्षाला सहा हजार गॅलनच्या वर. हे पाणी मऊ, क्षार नसलेलं. नळाच्या पाण्याने रुसलेली झाडं एका पावसात तरतरीत होतात ती काही उगाच नाही.

पण टाकीपासून सुरुवात करू नका. आधी जमिनीला उतार आणि खोलगटपणा द्या. बहुतेक अंगणं मध्ये उंच आणि रस्त्याकडे उतरती करून ठेवलेली असतात. पाऊस पडतो आणि दहा मिनिटांत रस्त्यावर. ते उलटं करायचं: पागोळीचं पाणी जिथे पडतं तिथून उथळ चर काढून झाडाच्या कडेच्या खोलगट आळ्यात न्यायचं. आळं घराच्या पायापासून निदान दहा फूट लांब. तळाशी पालापाचोळ्याचा किंवा लाकडाच्या चिपांचा जाड थर. पाणी एका दिवसात मुरलं पाहिजे, नाहीतर डास. मुरत नसेल तर खाली कॅलिची असणार, म्हणजे चुन्याचा सिमेंटसारखा घट्ट थर. तो पहारीने फोडावा लागतो किंवा आळ्याची जागा बदलावी लागते.

आमच्या डनबार-स्प्रिंग वस्तीत पावसाचं पाणी साठवण्यावर लिहिणारे ब्रॅड लँकॅस्टर यांनी रस्त्याच्या कडेच्या सिमेंटच्या कट्ट्याला खाचा पाडून रस्त्यावरून वाहणारं पाणी झाडांच्या आळ्यांत वळवलं. तेव्हा ते नियमात बसत नव्हतं, पुढे शहराने त्याला परवानगीची वाट काढून दिली. आज त्या गल्ल्यांतून उन्हाळ्यात चालून पाहा, मग शेजारच्या उघड्या रस्त्यावरून चाला. फरक अंगाला कळतो. २००८ साली टूसॉनने नवीन व्यापारी इमारतींसाठी नियम केला की बागेच्या पाण्यापैकी निम्मं पावसाचं असलं पाहिजे. घरांसाठी पाणीखात्याची सवलत योजनाही आहे, अर्ज करण्याआधी त्यांची कार्यशाळा करावी लागते. नक्की करा, फार चांगलं शिकवतात.


कोरडवाहू, चँडलर

मोगरीताई, हक्क आहेच. सगळी बाग एकाच पाण्यावर ठेवायची नाही, एवढं पाळलं की झालं. तहानलेली झाडं एका कोपऱ्यात एकत्र आणा, त्यांचा व्हॉल्व्ह वेगळा ठेवा, बाकी अंगण वाळवंटी झाडांना द्या. हा कोपरा घराच्या पूर्वेला हवा. सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारी दोननंतर भिंतीची सावली. पश्चिमेच्या भिंतीला लावलेला मोगरा जूनमध्ये टिकवणं फार अवघड आहे, भिंत रात्रीपर्यंत धग फेकत राहते.

मोगरा इथे छान येतो. कुंडी मोठी, फिक्या रंगाची घ्या. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत माती इतकी तापते की मुळं कडेने मरतात. तुळशीला थंडीत दव गोठलं की ती जातेच, मंजिऱ्या जपून ठेवा आणि मार्चमध्ये परत पेरा.

कढीपत्त्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. तो लिंबाच्या कुळातला आहे आणि लिंबूवर्गीय झाडांना मारणारा सिट्रस ग्रीनिंग रोग पसरवणारा सिलिड किडा त्यावर आनंदाने राहतो. म्हणून त्याच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत. कॅलिफोर्नियाच्या मैत्रिणीकडून फांदी किंवा रोप आणू नका, भारतातून तर नाहीच. इथल्या परवानाधारक नर्सरीतून घ्या. इथल्या संत्र्या-लिंबांच्या बागा त्यावर अवलंबून आहेत.

चौकोनी कापणीबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. टेक्सस सेज हे झुडूप हवेत दमटपणा आला की जांभळ्या फुलांनी भरून जातं. महिन्याला कापलं की फुलं येणारी टोकंच जातात, आणि कापल्यावर नवी कोवळी पालवी फुटते तिला जास्त पाणी लागतं. एचओएच्या सभेत हे पैशाच्या भाषेत मांडा: कापणीचा खर्च आणि पाण्याचं बिल दोन्ही कमी होतील. सभासदांना ते पटतं, आमच्याकडे पटलं.


हिशेबी

सगळं वाचलं. पण मुळात प्रश्न असा की ॲरिझोनात सुमारे ७० टक्के पाणी शेतीला जातं. आपण मोगऱ्याच्या पाण्याचे हिशेब करतोय आणि तिकडे भर वाळवंटात गुरांसाठी अल्फाल्फा पिकतोय, त्याला भरून पाणी दिलं जातंय. घरगुती बचतीने काय मोठा फरक पडणार? मी समोर सगळी खडी टाकली, मागे कृत्रिम हिरवळ. पाणी शून्य, कटकट शून्य. हाच खरा वाळवंटी मार्ग नाही का?


कोरडवाहू, चँडलर

हिशेबी, तुमचा पहिला मुद्दा खरा आहे आणि तो आमदार-खासदारांपुढे मांडलाच पाहिजे. पण 'शेती आधी, शहर नंतर' ही वाटणी आता सरळ राहिलेली नाही. कोलोरॅडो नदीचं पाणी लेक हवासूहून ३३६ मैलांच्या कालव्याने फिनिक्स-टूसॉनला येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच नदीवरच्या लेक मीड जलाशयाची पातळी घसरल्यामुळे पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि २०२२ ला ॲरिझोनाच्या वाट्यात सुमारे १८ टक्के कपात झाली. तो फटका आधी पिनाल काउंटीच्या शेतकऱ्यांनी सोसला, त्यांची शेतं पडीक राहिली. म्हणजे शेतीची उशी पातळ होत चाललीय. जून २०२३ मध्ये राज्याने सांगितलं की फिनिक्स परिसरात निव्वळ भूजलावर अवलंबून असलेल्या नव्या वसाहतींना यापुढे शंभर वर्षं पाणी पुरेल असा दाखला मिळणार नाही. १९८० च्या भूजल कायद्यापासून हा दाखला इथल्या घरबांधणीचा पाया आहे. त्यामुळे आपलं अंगण या प्रश्नाच्या बाहेर नाही.

दुसऱ्या मुद्द्याशी मात्र मी अजिबात सहमत नाही. नुसती खडी म्हणजे वाळवंट नव्हे. सोनोरन वाळवंट जगातल्या सर्वांत हिरव्या वाळवंटांपैकी आहे. पिकाचो पीककडे किंवा सवारो नॅशनल पार्कमध्ये जाऊन पाहा: पालो वर्दे, मेस्कीट, ओकोटियो, ब्रिटलबुश, क्रिओसोट, जमीन झाकलेली असते. उघडी खडी दिवसभर तापते आणि रात्री उष्णता घरात सोडते. कृत्रिम हिरवळीवर जुलैच्या दुपारी मूल किंवा कुत्रा पाय ठेवू शकत नाही, आणि ती थंड करायला लोक पाणीच मारतात.

पश्चिमेला एक 'डेझर्ट म्युझियम' जातीची पालो वर्दे लावा. काटे नाहीत, वसंतात पिवळीधमक फुलते. रुजल्यावर उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा खोल पाणी, आणि खिडक्यांवरचं चारनंतरचं ऊन अडतं. एसीच्या बिलात ते दिसतं. एसआरपीच्या (फिनिक्स भागातल्या वीज-पाणी पुरवणाऱ्या संस्थेच्या) ग्राहकांना शेड ट्री कार्यक्रमात त्यांच्या वर्गाला बसल्यावर झाडं फुकट मिळतात. झाडाला दिलेलं पाणी मी उधळपट्टीत धरत नाही. सावली ही या शहरात जिवाची गरज आहे, ज्या वस्त्यांत झाडं नाहीत तिथले म्हातारे लोक उन्हाळ्यात दगावतात.

आणि खडीखाली प्लॅस्टिक अंथरलं असेल तर ते कापून काढा. पाणी आणि हवा दोन्ही अडतात, तण वरच्या धुळीत उगवतंच.


वेगासवासी

आमच्याकडची गोष्ट वेगळी आहे ती सांगतो. लास वेगासमध्ये घरातल्या ड्रेनेजमधून गेलेलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध होऊन परत लेक मीडमध्ये सोडलं जातं आणि तेवढं पुन्हा उचलता येतं. त्यामुळे इथे आंघोळीचं पाणी हरवत नाही, हिरवळीवर फवारलेलं हरवतं. म्हणून सगळा भर हिरवळ काढण्यावर. चौरस फुटामागे रोख पैसे देणारी योजना वीसहून जास्त वर्षं चालू आहे. २०२१ च्या कायद्याने रस्त्यांचे दुभाजक, कार्यालयांच्या पुढचं शोभेचं गवत वगैरे २०२६ अखेर काढायचं आहे. घरामागच्या खासगी लॉनला तो लागू नाही.

एक सूचना करतो. लॉन काढताना त्यातल्या मोठ्या झाडांचा विचार आधी करा. ती झाडं वर्षानुवर्षं गवताच्या स्प्रिंकलरवर जगत होती. गवतासकट स्प्रिंकलर गेले की दुसऱ्या उन्हाळ्यात झाडं वाळतात. गवत मारायच्या आधी झाडाभोवती ड्रिपचं कडं टाकून घ्या.


नवी_आलेली, पिओरिया

पुण्याहून येऊन थोडेच दिवस झालेत. भाड्याच्या घरात मागे लिंबाचं झाड आहे. नवी पानं पिवळी येतायत, शिरा मात्र हिरव्या. मालक म्हणतात पाणी वाढव. वर वाचल्यावर शंका येतेय. काय करू?


लिंबूकाकू, मेसा

पाणी वाढवू नकोस गं. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे झाडाला लोह मिळत नाहीये. आपल्या मातीत लोह आहे, पण मातीचा सामू आठच्या वर असतो, त्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. त्यात माती सतत ओली राहिली की मुळं गुदमरतात आणि पिवळेपणा वाढतो.

आधी निचरा बघ. झाडापासून थोडं दूर फूटभर खोल खड्डा कर, पाण्याने भर, मुरू दे, परत भर. चार तासांत पाणी चार इंचही उतरलं नाही तर खाली कॅलिची किंवा चिकणमाती अडवतेय. मग पाण्यातलं अंतर आणखी वाढवायचं. रुजलेल्या लिंबाला उन्हाळ्यात मातीप्रमाणे ७ ते १४ दिवसांनी एकदा, पण दोन-तीन फूट भिजेल असं. एवढं करून सुधारलं नाही तरच लोहाचं खत. घेताना पाकिटावर ईडीडीएचए हा प्रकार लिहिलेला बघून घे, आपल्या चुनखडी मातीत तोच टिकतो. साधं हिराकस इथे वाया जातं.

आणि खालच्या फांद्या छाटू नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. लिंबाचा घेर जमिनीला टेकलेला असला की बुंधा आणि मुळांवर सावली राहते. उघडा पडलेला बुंधा उन्हाने तडकतो. इथे जुन्या बागांत बुंधे पांढऱ्या रंगाने रंगवलेले दिसतात ते त्यासाठीच. भिंतीला देतात तो पांढरा लॅटेक्स रंग पाण्यात पातळ करून लावायचा.


थेंबथेंब, चँडलर

घरातल्या पाण्याबद्दल थोडं. प्लंबिंगचं काम थोडंफार स्वतः करतो, त्यातून जे लक्षात आलं ते.

बिल अचानक चढलं तर आधी गळती शोधा. घरातले सगळे नळ आणि टायमर बंद करून रस्त्याकडेच्या मीटरवरची छोटी चकती किंवा त्रिकोण बघा. फिरत असेल तर कुठेतरी गळतंय. टॉयलेटच्या टाकीत खायच्या रंगाचे थेंब टाका, फ्लश न करता पंधरा-वीस मिनिटांनी भांड्यात रंग उतरला तर फ्लॅपर (टाकीच्या तळाचं रबरी झाकण) बदला. स्वस्त काम आहे. घरात काही सापडलं नाही तर ड्रिप. खडीखाली फुटलेली नळी महिनोन्महिने दिसत नाही. अंगणात एखाद्या ठिकाणीच तण हिरवंगार झालं असेल तर तिथे उकरा.

वापरलेलं पाणी बागेला द्यायला ॲरिझोनात २००१ पासून सोपी मुभा आहे. दिवसाला ४०० गॅलनपर्यंत वेगळा परवाना लागत नाही, काही अटी पाळाव्या लागतात. वॉशिंग मशीन, शॉवर, बेसिनचं पाणी चालतं. स्वयंपाकघरातल्या सिंकचं, डिशवॉशरचं आणि टॉयलेटचं चालत नाही. फवारायचं नाही, तळं साचू द्यायचं नाही, आवाराबाहेर वाहू द्यायचं नाही. लंगोट धुतलेलं पाणी ड्रेनेजलाच. खायच्या झाडांना द्यायचं नाही, अपवाद लिंबूवर्गीय आणि बदाम-अक्रोडासारखी कवचाची फळझाडं. सोपं म्हणजे मशीनच्या नळीवर तीन तोंडी व्हॉल्व्ह बसवा, एक बाजू ड्रेनेजला, एक झाडांच्या आळ्यांना. साबण बोरॉन आणि सोडियम नसलेला, द्रवरूप घ्या.

आपल्या घरांत वॉटर सॉफ्टनर आणि आरओ दोन्ही असतात. सॉफ्टनर मीठ वापरून पाणी मऊ करतो, त्या पाण्यातलं सोडियम मातीला घट्ट करतं. बागेचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर असला पाहिजे, तपासून घ्या. आरओचं टाकाऊ पाणी नळाच्या पाण्याहून खारं असतं. मोगऱ्याला, लिंबाला देऊ नका. खजूर, बर्म्युडा गवत यांना अधूनमधून चालतं. पुसायला, गाडी धुवायला वापरा.


माणदेशी, दहिवडी

मी इकडे सातारा जिल्ह्यात आहे, धागा कुतूहलाने वाचतोय. दोन गोष्टी. आमच्याकडे नव्या रोपांशेजारी झिलई न केलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरतात, भरून वर झाकण ठेवतात. माती कोरडी झाली की ती मडक्यातून पाणी ओढून घेते, ओली असली की थांबते. तुमच्याकडे भाजीपाल्याला हे चालेल का?

दुसरं, मेस्कीट म्हणजे आमची वेडी बाभूळच ना? इकडे तिने माळरानं गिळली, गवत उगवू देत नाही, काट्यांनी जनावरं जायबंदी होतात. तुम्ही ती मुद्दाम लावता हे वाचून अस्वस्थ वाटलं.


टूसॉनकर

माणदेशी दादा, मडकी इथेही पुरतात. अमेरिकेच्या या भागात त्यांना 'ओया' म्हणतात, नर्सरीत विकायला असतात. वांगी, मिरच्या, टोमॅटो यांना उत्तम. फक्त जड पाण्याने वर्षा-दोन वर्षांत छिद्रं बुजतात, तेव्हा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून घासावी लागतात. थंडीत गोठून तडकू नयेत म्हणून रिकामी करायची.

मेस्कीटबद्दल तुमची अस्वस्थता रास्त आहे. पण तुमची वेडी बाभूळ आणि आमची वेल्व्हेट मेस्कीट एका कुळातल्या दोन वेगळ्या जाती आहेत. ही इथलीच आहे, तिला खाणारे, तिच्यावर जगणारे सगळे इथे आहेत. तिच्या सावलीत सवारोचं रोप लहानपणी ऊन आणि गोठवणाऱ्या थंडीपासून वाचतं. मोठा सवारो उभा दिसतो त्याच्या बुडाशी पुष्कळदा जुनं मेस्कीट किंवा पालो वर्दे असतं. इथले मूळ रहिवासी तोहोनो ओओधाम लोक तिच्या शेंगांचं पीठ पूर्वापार खात आले. शेंगा मॉन्सूनच्या पावसाआधी, झाडावरूनच काढायच्या, भिजलेल्या शेंगांवर विषारी बुरशी धरते. हेच लोक पावसाळी ओढ्यांच्या मुखाशी, पुराचं पाणी पसरतं तिथे टेपरी नावाचा घेवडा घेत. वाळवंटात पाण्याशी कसं वागावं हे शिकायचं तर त्यांच्याकडून. भारतात मात्र कुणीही मेस्कीट नेऊ नये, लावू नये.

इथल्या लोकांनाही सांगतो: नर्सरीत 'चिली मेस्कीट' म्हणून दक्षिण अमेरिकेतली संकरित झाडं मिळतात. भराभर वाढतात, रोजच्या पाण्यावर तर फारच, आणि मॉन्सूनच्या पहिल्या वादळात मुळासकट आडवी होतात. मुळं वरच्यावर आणि डोलारा मोठा. पावसाआधी फांद्या विरळ करून घ्या म्हणजे वारा आरपार जाईल. आणि सवारो हलवायचा किंवा काढायचा असेल तर आधी राज्याच्या कृषिखात्याचं परवानापत्र लागतं, स्वतःच्या अंगणातला असला तरी चौकशी केल्याशिवाय हात लावू नका.


मोगरी, गिल्बर्ट

सगळ्यांचे आभार. थंडीचं कुणी बोललं नाही म्हणून माझी भर. डिसेंबर-जानेवारीत एखाद-दोन रात्री पारा शून्याखाली जातो. बोगनवेल, मोगरा, शेवगा यांना संध्याकाळीच जुन्या सुती साड्यांनी झाकते, कापड जमिनीपर्यंत सोडायचं म्हणजे जमिनीची ऊब आत राहते. प्लॅस्टिक नको, पानाला जिथे चिकटतं तिथे पान जळतं. सकाळी काढून टाकायचं. आणि जळलेल्या फांद्या लगेच छाटू नका. त्या कुरूप दिसल्या तरी आतल्या कळ्यांना तेच पांघरूण असतं. मार्चमध्ये खालून पालवी फुटली की छाटा.


नवी_आलेली, पिओरिया

लिंबूकाकू, निचरा बघितला, पाणी व्यवस्थित मुरतंय. सळई मात्र सहा इंचांवर थांबली, चारी बाजूंनी. एमिटर दोनच आहेत, बुंध्याशी. टायमर रोज वीस मिनिटांवर आहे. मालकांनी बदलायची परवानगी दिली. आता लगेच दहा दिवसांवर नेऊ का? बाहेर १०८ फॅरनहाइट आहे.


कोरडवाहू, चँडलर

लगेच नको. वरच्या सहा इंचांतल्या मुळांना एकदम उपाशी ठेवलं तर जूनमध्ये झाड धक्का खाईल. आधी एमिटर बदला: फांद्यांच्या कडेखाली गोल नळी टाकून ताशी ४ गॅलनचे आठ तरी लावा. या आठवड्यात दिवसाआड, पण तास-दीड तास. सळईने दोन फुटांपर्यंत ओल पोचलीय का बघा, नसेल तर वेळ वाढवा, वाहून जायला लागलं तर मध्ये तासभर थांबून पुन्हा चालवा. मग दर आठवड्याला मधलं अंतर एक-दोन दिवसांनी वाढवत न्या. दुपारी पानं थोडी मुडपली आणि सकाळी सरळ झाली तर काळजी नाही. सकाळीही मुडपलेलीच असतील तर अंतर एक पायरी मागे घ्या. ऑक्टोबरपर्यंत दोन आठवड्यांवर आरामात जाल.

जुने एमिटर काढल्यावर नळीला भोकं राहतात. ती बंद करायला गूफ प्लग नावाची छोटी बुचं मिळतात, हार्डवेअरच्या दुकानात ड्रिपच्या रॅकवर. नळी पाव इंची आहे का अर्धा इंची ते बघून घ्या.